वेबसाइटवरची नवरी

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचा राग येतो, मग हायसं वाटतं.

रायपूरची समता कॉलनी तेव्हा माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होती. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे विदर्भातले एक गृहस्थ आत आले. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी दार लोटून घेतलं आणि मोबाइल पुढे केला. एका फोटोग्राफरने धंद्याच्या जाहिरातीसाठी नवी वेबसाइट काढली होती. वर मोठा फोटो होता: पांढऱ्या साडीत, हातात हार घेतलेली त्यांची मुलगी आणि शेजारी पाठमोरा नवरदेव. खाली लिहिलेलं, 'हमारी दुल्हनें'.

मुलीचा साखरपुडा आठवड्यावर आला होता. मुलाची आई लग्नासाठी फोटोग्राफर शोधत होती, आणि नेमकी तिलाच ही वेबसाइट सापडली. तिने फोटो पाठवून एवढंच विचारलं होतं, "पहिलं लग्न लपवलं काय?"

"साहेब, कोणीतरी माह्या पोरीचा चेहरा चिकटवला," गृहस्थ म्हणाले. "पण पोट्टीले काही सांगू नका. लय मनाले लावून घेते."

मी मान डोलावली. इथेच चुकलो.

डायरीत नोंद करून फोटोग्राफरला ठाण्यात बोलावलं. खोटं बोलणाऱ्याची उत्तरं तयार असतात. हा नुसता घाम पुसत होता. "साहब, मैंने कुछ नहीं जोड़ा, फोटो असली है," एवढंच घोकत होता. दोन दिवस मी त्याला तेच तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. म्हटलं, मूळ फोटो आण.

तो ठाण्याच्या कॉम्प्युटरवर उघडला. उजवीकडे आणखी एक तरुणी उभी होती. तीही पांढऱ्या साडीत, हार घ्यायला हात पुढे केलेला. वेबसाइटवर टाकताना तिला कापून काढलं होतं.

"उस शादी में मेरे आदमी गए थे, मैं नहीं," फोटोग्राफर म्हणाला. "हमारे यहाँ दुल्हन लाल में रहती है. यहाँ तो सब सफेद में थे. जिसके हाथ में हार दिखा, उसी को दुल्हन समझ लिया."

मला हसू आवरेना. बौद्ध लग्नात नवरीच्या बहिणी-मैत्रिणीही पांढऱ्या साड्या नेसतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

पण खरी नवरी कोण, हे कळायला हवं होतं. आता मुलीला बोलावण्यावाचून इलाज नव्हता. वडील तिला घेऊन आले. तिने स्क्रीनकडे एकदाच पाहिलं.

"ये तो भिलाई वाली शादी है. मेरी सहेली को हार पकड़ा रही थी मैं." मग ती वडिलांकडे वळली. "तीन दिन से इसीलिए खाना नहीं खा रहे थे, बाबा? एक बार मुझसे पूछ तो लेते!"

"भेलो ना बाई, तुले इचारायले भेलो," म्हणत ते माझ्या टेबलावर डोकं टेकून रडले. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

मुलीने ठाण्यातूनच मुलाच्या आईला फोन लावला आणि अख्खा फोटो पाठवला. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. फोटोग्राफरने तो फोटो वेबसाइटवरून काढून टाकला आणि विचारल्याशिवाय कोणाचाच फोटो टाकणार नाही, असं लिहून दिलं.

माझ्या फाइलीत पहिला जबाब वडिलांचा होता, मग फोटोग्राफरचा, आणि सगळ्यात शेवटी मुलीचा, चार ओळींचा. त्या चार ओळी मला पहिल्याच दिवशी मिळाल्या असत्या. पुढे नोकरीत असेपर्यंत "पोट्टीले सांगू नका" असं कोणी म्हटलं की मी आधी तिच्यासाठीच खुर्ची मांडायला सांगत असे.