विकायला काढलेली गाडी

ड्रायव्हरबाईंनी अठ्ठावीस वर्षं शहरात बस चालवली आणि तेवढ्या वर्षांत उभ्या प्रवाशाला कधी पडू दिलं नाही. वळण त्या असं अलगद घ्यायच्या की मागच्या सीटवर झोपलेला माणूस झोपेतच वळायचा. निवृत्तीच्या दिवशी डेपोत सगळ्यांनी याच गुणाचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात एक जुनीपुराणी, दोनच माणसं मावतील अशी लाल स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. इतकी वर्षं प्रत्येक वळणावर जे मनात यायचं आणि करता यायचं नाही, ते त्यांना एकदाचं करायचं होतं.

त्याची सोय गोदामांमागच्या रिकाम्या काँक्रीटच्या मैदानावर होती. रविवारी सकाळी तिथं हौशी मंडळी जमायची, केशरी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. याला ते ऑटोक्रॉस म्हणत. प्रत्येकाला पाच फेऱ्या, त्यातली सगळ्यांत कमी वेळाची धरायची. शंकू पाडला की दोन सेकंद दंड.

पहिल्याच रविवारी बाईंची गाडी प्रत्येक वळणावर अशी कलली की बघणारे वाकून खालची चाकं बघू लागले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाई शेवटून पहिल्या आल्या.

"ताई, इंजिनाला नावं ठेवू नका," गॅरेजवाले उस्ताद गाडीखालून म्हणाले. "स्प्रिंगा दमल्यात, शॉकॲब्सॉर्बर तेल गाळतायत. आणि ही सांध्यांतली रबराची बुशं बघा, नखानं उकरली तर भुगा पडतोय."

"मग बदला."

"सगळं?"

"सगळं. पण आमच्या घरात विचारलं तर तुम्ही मला ओळखत नाही."

घरात म्हणजे नवरा. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा, सरळमार्गी माणूस. त्याला बाईंनी सांगून टाकलं, "अहो, गाडी विकायचीच आहे. पण अशी डुगडुगती कोण घेणार? जरा ठीकठाक करते."

त्यानं विश्वास ठेवला. खोकी येत राहिली आणि तो ती निमूटपणे आत घेत राहिला. एकदा मात्र जेवणाच्या टेबलावरची नवी स्प्रिंग हातात धरून म्हणाला, "अगं, ही जुनीपेक्षा आखूड आहे. आणि दाबली तर दबतही नाही."

"गिऱ्हाइकाला अशाच आवडतात," बाई म्हणाल्या आणि भाजी ढवळू लागल्या.

उस्तादांनी कडक स्प्रिंगा बसवल्या, नवे शॉकॲब्सॉर्बर लावले आणि दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे लोखंडी दांडे, ज्यांच्यामुळे गाडी वळताना कलत नाही, ते पुढं-मागं जाडजूड टाकले. पुढच्या रविवारी बाई ऐटीत निघाल्या. तिसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग पुढच्याच्या आधी वळला आणि बाई निघाल्या त्याच जागेकडे तोंड करून थांबल्या.

"मागं जरा जास्तच आवळलं," उस्ताद डोकं खाजवत म्हणाले. त्यांनी मागचा दांडा सैल केला, शॉकॲब्सॉर्बर दोन घरं मऊ केले. मग गाडी अशी सरळ झाली की बाई आठव्या आल्या, त्यानंतर सहाव्या.

सगळं छान चाललं असताना नवऱ्यानं खरंच गिऱ्हाईक आणलं. त्याचे दातांचे डॉक्टर. रविवारी सकाळी आठला ते दारात हजर.

बाईंना नाही म्हणता येईना. "बसा," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला चालवूनच दाखवते. पट्टा मात्र घट्ट बांधा."

तासाभरानं डॉक्टर उतरले ते दार धरून. मग नवऱ्याला म्हणाले, "मी रोज लोकांना आ करा म्हणतो. आज माझा झाला, तो अजून मिटत नाही. गाडी नको मला. आणि काय हो, त्या शंकूंच्या मैदानावर सगळे यांना ओळखतात कसे? एकानं तर विचारलं, बाई, आज बरोबर वजन का आणलंत?"

डॉक्टर गेले. बाई उगाचच काच पुसत बसल्या.

"विकायची होती ना?" नवऱ्यानं विचारलं.

"विकायचीच आहे."

"कधी?"

"मी थकले की."

दोन दिवस घरात फक्त मीठ द्या, मीठ घ्या एवढंच संभाषण झालं. पुढच्या रविवारी मात्र तो टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन आधीच गाडीत बसला होता. मैदानावर पडलेले शंकू उभे करायला माणूस कमी होता. संयोजकानं त्याच्या हातात लाल झेंडा दिला आणि सहाव्या वळणाशी उभं केलं. बाईंना हायसं वाटलं. घरचा माणूस झेंड्यापाशी असला की थोडंफार इकडंतिकडं चालून जातं.

त्या दिवशी गाडी रुळावरून चालावी तशी गेली. घड्याळात बाई दुसऱ्या. त्या हसत उतरल्या, तर सहाव्या वळणावर लाल झेंडा वर.

"अहो, शंकू उभा आहे की," बाई तिथवर चालत जाऊन म्हणाल्या.

"उभा आहे. पण खडूच्या चौकोनाबाहेर आहे. नियम वाचला मी."

"चार बोटं तर सरकलाय."

"बाहेर म्हणजे बाहेर."

दोन सेकंद चढले आणि बाई पाचव्या झाल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? बाकीचे स्पर्धक मात्र नवऱ्याला चहा पाजत होते.

परतताना बाई गियर जरा जोरातच टाकत होत्या. अर्ध्या वाटेवर नवराच म्हणाला, "तो शंकू तुझ्यामुळे नाही सरकला."

"मग?"

"गाडीचं नाक उशिरा वळतं. डावीकडं जाताना पुढचं बाहेरचं चाक घासत फरफटतं. मी पाचही फेऱ्या बघितल्या, प्रत्येक वेळी तिथंच." त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर वळणाची आकृती होती, बाणांसकट, आणि समासात प्रुफांवर करतात तशा खुणा.

बाईंनी कागद बघितला, मग त्याच्याकडं बघितलं, आणि घराचं वळण सोडून गाडी सरळ गॅरेजकडं नेली.

उस्ताद दाराशीच उभे होते. त्यांनी नवऱ्याला पाहिलं आणि कानाला हात लावला. "मी या बाईंना ओळखत नाही साहेब."

"राहू दे आता," बाई म्हणाल्या. "पुढची चाकं बघा आधी. हे काय म्हणतात ते ऐका."