एक पान घेऊन सेक्टर पंधराला

माझी आई वाशीमजवळच्या आठवडी बाजारात बांगड्या भरते. मी घरातली पहिली पदवीधर. तिच्यावर एक कथा लिहिली आणि फोनवर वाचून दाखवली. आई म्हणाली, "चांगली हाय. पण हे बाई कोन हाय?" त्याच रविवारी मी लेखनकलेचं पुस्तक आणायला निघाले.

नोकरीमुळे मी राहते चंदीगडजवळच्या पिंजौरला. इथून चंदीगडची बस सहज मिळते. सकाळी निघालात तर खिडकीही मिळते. चंदीगडच्या बसस्टँडवर सिमरन भेटली. आयटी पार्कमध्ये आम्ही एकाच ऑफिसात आहोत. बसस्टँडवरून रिक्षाने सेक्टर पंधरा. तिथे जुनी पुस्तकं साधारण निम्म्या किमतीत मिळतात आणि उभ्याने वाचत राहिलं तरी कुणी हटकत नाही.

लेखन शिकवणारी पुस्तकं ढिगाने होती. माझी युक्ती तुम्हीही करून पाहा. आपल्या कथेचं पहिलं पान सोबत न्यायचं आणि प्रत्येक पुस्तकाला विचारायचं, याचं मी काय करू? महिन्याभरात कादंबरी लिहायला लावणाऱ्या जाडजूड पुस्तकाने मला नुसती शाबासकी दिली. दुसऱ्यात आलेखच आलेख; त्यात आईला कुठे बसवायचं ते कळेना.

"यार, किताब लेने आई है या लड़का देखने?" सिमरन कंटाळली होती.

"लड़का होता तो अब तक पक्का कर देती."

तिसरं पातळ होतं. लेखिकेने स्वतःचा फसलेला उतारा छापून त्यावर काट मारली होती. खाली सल्ला होता: जे वाक्य कुणाच्याही आईला लागू पडेल, ते काढा. मी तिथेच पेन काढलं. 'कष्टाची मूर्ती' गेली. 'मायेचा सागर' गेला. पानावर जेमतेम बाजाराचं नाव उरलं. मी हेच पुस्तक घेतलं.

छोले-कुलचे खाऊन परतीची बस धरली. वाटेत आठवलं, आई गिऱ्हाइकाला माहेरचं काहीतरी विचारते. ती बाई बोलण्यात रमली, की आई घट्ट बांगडी अलगद हातावरून सरकवते. तेवढंच लिहिलं.

संध्याकाळी खोलीवरून फोन लावला आणि वाचलं.

"हे तू कधी पाह्यलं वं?" आईने विचारलं. मग म्हणाली, "बरं, मंग पुढं मी काय केलं?"

पुस्तक निम्मं वाचायचं राहिलंय. आधी दुसरं पान लिहायला घेतलंय.