तेहतिसाची तबकडी पंचेचाळिसावर

माझे भाऊजी अर्नोबिओ यांनी पन्नास वर्षं पँटी शिवल्या, पण आमच्या ओब्रेरो वस्तीत त्यांना शिंपी म्हणून कुणी विचारत नाही. लोक विचारतात ते तबकड्यांसाठी. काली शहरात जुन्या गाण्यांचे वेडे गल्लोगल्ली आहेत, भाऊजी त्यांतले जरा जास्तच. घरात अकराशे तबकड्या आणि पाहुण्यांना धड चार खुर्च्या नाहीत. नवरा वारल्यावर मी त्यांच्याकडे, माझ्या मेल्बाताईच्या घरी, राहायला आले, तेव्हा माझी ट्रंक ठेवायला जागा मिळेना. ती अजून स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे.

दर रविवारी दुपारी मंडळी जमतात. ज्याची तबकडी त्यानेच लावायची, आधी ती कुठे मिळाली ते सांगायचं आणि सुई टेकली की तोंड बंद. सुई उचलली की भांडणं सुरू. भांडणाचे मानकरी दोघे, भाऊजी आणि दातांचे डॉक्टर लिबार्दो. भाऊजींचा अ‍ॅम्प्लिफायर एका बंद पडलेल्या थिएटरातला, गरम व्हायलाच दहा मिनिटं घेणारा. स्पीकरची खोकी त्यांनी स्वतः ठोकलेली. सुई उड्या मारते म्हणून तिच्या डोक्यावर एक नाणं चिकटवलेलं.

"अर्नोबिओ, तू तबकडी वाजवत नाहीस, नांगरतोस," डॉक्टर म्हणायचे.

"आणि तू ऐकत नाहीस, तपासतोस. दाढ आहे का ती?"

खरं भांडण होतं वेगाचं. आमच्या तरुणपणी बोटीवरचे खलाशी बुएनाव्हेंतुरा बंदरात न्यूयॉर्कच्या तबकड्या आणायचे. त्या तेहतिसाच्या वेगाच्या, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे घेणाऱ्या. पण कालीच्या नाचणाऱ्यांना ते संगीत पेंगुळलेलं वाटायचं, म्हणून सगळं शहर त्या पंचेचाळिसावर फिरवायचं. गाणारा चिरक्या आवाजात गायचा आणि पायांना उसंत नसायची. भाऊजींची लाडकी, पाचांगा या उडत्या नाचाच्या गाण्याची तबकडी अशीच होती. अडुसष्ट साली त्यांनी एका खलाशाला दोन पँटी शिवून देऊन ती मिळवली. तिच्यावरच ताईबरोबर पहिल्यांदा नाचले आणि पुढच्या वर्षी लग्न केलं.

"बिचाऱ्याने गायलंय एक आणि तू ऐकतोस भलतंच," डॉक्टर बारा वर्षं सांगत होते. भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "तेहतिसावर मयताला वाजवतात."

दोन वर्षांपूर्वी ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ती पुन्हा चालायला लागली, नाचायचं मात्र नावही काढेना. भाऊजींनी मनाशी पक्कं केलं की तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला तिला नाचायला उठवायचंच. महिनाभर ते मला एकटीला गाठून विचारायचे, "नुबिया, उठेल ना ती?" मी म्हणायचे, "उठेल की." मला काय ठाऊक होतं. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवत नव्हतं.

वाढदिवस रविवारीच आला. डॉक्टरांनी स्वतःचा नवा रेकॉर्डप्लेअर गाडीत घालून आणला, ताईला भेट म्हणून, त्या दिवसापुरता. भाऊजींनी नाक मुरडलं, पण जोडू दिला. मग पांढरे बूट घातले, तबकडी लावली आणि वेगाचा खटका पंचेचाळिसावर ओढला. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं.

भाऊजी ताईसमोर हात पुढे करून उभे राहिले. ताई उठली. सहा-सात पावलं तिने बरोबर टाकली, मला तर हायसं वाटलं. मग तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि मान हलवली. "नाही रे. नाही जमत." ती खुर्चीत बसली, हसली आणि सरबताचा पेला उचलला.

भाऊजींनी सुई उचलली. पाठ आमच्याकडे करून ते तबकडी पुसत बसले, स्वच्छ तबकडी पुसतच राहिले. मला त्या माणसाची फार दया आली. अकराशे तबकड्यांपायी मी त्यांना कितीदा टाकून बोलले होते, ते सगळं आठवलं.

डॉक्टर उठून त्यांच्याजवळ गेले. "तेहतिसावर लाव."

"आज नको, लिबार्दो. आज भांडू नकोस."

"भांडत नाहीये मी. तिच्यासाठी लाव."

"ते गाणं आमचं नाही. तो कुणी भलताच गातो."

"अरे, लाव ना," ताई खुर्चीतून म्हणाली. "बघू तर दे कोण गातोय."

बारा वर्षांचा हट्ट, तोही सगळ्यांदेखत सोडायचा. भाऊजींनी खटका मागे ओढला आणि सुई टेकवली.

आवाज आला तो पोक्त, भरदार माणसाचा. पन्नास वर्षं आम्ही त्याला मिसरूड न फुटलेलं पोर समजत होतो. ढोल कसे ऐसपैस वाजत होते. ताई आपली आपण उठली. भाऊजींनी तिला धरलं, पण त्यांचे पाय जुन्याच सवयीने धावायला लागले, तालाच्या पुढे. स्वतःच अडखळले. सगळे हसले.

"हळू," ताई म्हणाली. "मला धर आणि माझ्या पायांकडे बघ."

उभं आयुष्य ज्याने वस्तीला नाच शिकवला तो माणूस मान खाली घालून बायकोची पावलं बघत फिरायला लागला. ती मुळीच थकत नव्हती.

"असं बरं वाटतंय तुला?" त्यांनी विचारलं.

"मला असंच आवडतं. तेव्हाही दमच लागायचा रे. घरी जाऊन पाय मिठाच्या पाण्यात घालून बसायचे."

मी तिची सख्खी बहीण, पण मलाही हे ठाऊक नव्हतं. भाऊजींचे पाय थांबले.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू दुसरीला घेऊन नाचला असतास," ताई म्हणाली. "थांबू नकोस. गाणं संपेल."