वांग्यात अळी येते कुठून?

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी तिचा रागच आला. रविवारी पवनारच्या विहारात तिनं बायांना चक्क खोटं सांगितलं होतं आणि ‘पुढच्या रविवारी निस्तरते’ म्हणाली होती. त्याआधीच झोपेत गेली... असं कुणी जातं का?

वर्ध्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर सुमन गावोगाव विज्ञानाचा इतिहास सांगत फिरायची, आणि मैत्रीण म्हणून मी सोबत. तिची रीत जगावेगळी. जुनी, चुकलेली समजूत ती अशी रंगवायची की ऐकणाऱ्याला तीच पटावी. सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो, हे तिनं केळझरला इतकं झकास सांगितलं की मीसुद्धा मान डोलावली! मग कुणीतरी शंका काढायचं आणि बाईची कळी खुलायची. खरा शोध ती त्यानंतरच सांगायची.

त्या रविवारी विषय होता, सडक्या मांसात किडे आपोआप जन्मतात ही जुनी समजूत. समोर भाजी पिकवणाऱ्या बाया, म्हणून सुमननं मांसाऐवजी वांगं घेतलं. “बाहेरून भोक दिसत नाई, आत अळी. मंग आली कुठून? वांग्यातच तयार झाली!” आणि ती शंकेची वाट पाहत थांबली... पण शंका काही निघेना. शेवटी त्यांच्यातल्या मंदाबाई म्हणाल्या, “मॅडम म्हनतात त खरंच असन.”

परतीच्या बसमध्ये सुमन रडकुंडीला आली होती. “मग खरं सांगून टाकायचं होतंस,” मी म्हटलं.

“तेही माझ्यावर इश्वास ठेवूनच मानलं असतं. मंग मी इतकी वर्षं काय केलं?”

महिन्याभरानं त्याच विहारात शोकसभा झाली. पूर्वी एका संशोधकानं मांसाच्या भांड्यावर फडकं बांधलं आणि आत किडे झालेच नाहीत, ही राहिलेली हकिकत सांगायला मी उठणार, तोच मंदाबाई पिशवी घेऊन पुढे आल्या. सुमनच्या फोटोसमोर वांग्यांचे दोन ढीग मांडून त्या एकेक वांगं चिरू लागल्या.

“हे कोवळे असतानीच झाडावर फडक्यात बांधले होते. हे उघडेच ठेवले.” बांधलेली वांगी स्वच्छ निघाली. उघड्यांत अळ्या वळवळत होत्या. मंदाबाई फोटोकडे वळल्या. “मॅडम, तुमी चुकल्या होत्या. अळी बाहेरूनच येते.”

मला हसू आलं, आणि मग रडू काही आवरेना. शेजारच्या बाईनं मंदाबाईंचा पदर ओढला. “मेलेल्या मानसाले असं म्हनतेत का?”

“काऊन? त्याहिलेच त सांगाचं होतं.”