धारूरचा तवा, आष्टीची तक्रार

धारूरला किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुग्रीव पोपळघटांची भट्टी आहे. वर पत्रे, पुढं ऐरण, मागं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. विळे, खुरपी, कुदळी घडवण्यात आणि कुऱ्हाडींना पाणी देण्यात सुग्रीवमामांची चाळीस वर्षं गेली. त्यांचा मुलगा आदिनाथ एसटीच्या आगारात मेकॅनिक लागला आणि भट्टी आपल्यानंतर बंद होणार हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी सून रोहिणीनं घरातला एक सपाट बुडाचा लोखंडी तवा घासून-पुसून, तेल लावून उन्हात ठेवला, त्याचे चार फोटो काढले आणि तो मोबाइलवरच्या एका बाजारात विकायला टाकला. आठव्या दिवशी पुण्याहून मागणी आली. त्यानंतर बंगळूरहून, इंदूरहून, सुरतेहून.

रोहिणी मूळची दिंद्रुडची. बी.कॉम. झालेली, बोलायला मोकळी आणि हिशोबापेक्षा वादात जास्त हुशार, असं तिचा नवराच कौतुकानं सांगायचा. मामा तवा घडवायचे, ती गुंडाळायची, चिकटपट्टी मारायची आणि कुरिअरवाल्या हनुमानच्या हवाली करायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस हनुमान पार्सल न्यायला आला तो एक पार्सल घेऊनच आला.

"हे तुमचंच आहे, वहिनी. परत आलंय."

मामांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "इकलेला तवा परत? कावून?"

"गिऱ्हाइकाला पसंत नाही पडला, मामा."

"मंग घेताना पाहिला न्हाई का?"

"फोटो पाहून घेतला होता."

"फोटोवर सोयरीकबी करू न्हाई, अन् ह्यो तवा घेतोय," मामा म्हणाले आणि पुन्हा घाव घालायला लागले.

त्या पार्सलात निदान तवा तरी होता. तांबेरलेला, पण तवाच. घेणाऱ्या बाईंनी तो साबणानं घासून रात्रभर सिंकमध्ये ओला ठेवला होता, आणि वर लिहिलं होतं, 'गंजलेला माल पाठवला'. पुढच्या पार्सलात विटेचा अर्धा तुकडा निघाला. त्याच्या पुढच्यात कुणाच्या तरी घरचं करपलेलं, टवके उडालेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. रोहिणीनं पातेलं हातात धरून बराच वेळ पाहिलं. त्याच्या कडेला नाव कोरलेलं होतं. लग्नातलं आहेराचं पातेलं कुणीतरी तव्याच्या नावावर धारूरला धाडून दिलं होतं.

तिनं तो मोबाइलवरचा बाजार चालवणाऱ्या कंपनीकडं दावा टाकला. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण मागितलं गेलं. तिनं काढलेलंच नव्हतं. दावा फेटाळला. पुढच्या वेळी काढलं, तर उघडताना चिठ्ठीवरचा क्रमांक क्षणभर झाकला गेला म्हणून फेटाळला. तिसऱ्या वेळी मात्र तिनं नियम पाठ केले. पार्सल सहाही बाजूंनी दाखवायचं, क्रमांक वाचता आला पाहिजे, मध्ये खंड पडता कामा नये, आणि आतली वस्तू बाहेर येईपर्यंत हात चौकटीतून बाहेर जाता कामा नयेत. तिनं मोबाइल खिडकीच्या गजाला रबरानं बांधला, समोर स्टुलावर पार्सल ठेवलं आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी सुरू झाली. "नमस्कार. हे पार्सल आत्ता आमच्याकडं आलेलं आहे. अजून फोडलेलं नाही." हनुमान साक्षीदार म्हणून मागं उभा राहायचा. पहिल्यांदा तो नुसता उभा होता. दुसऱ्यांदा भांग पाडून आला.

वजनाची युक्ती त्यानंच सांगितली. "वहिनी, जाताना वजन होतंय अन् येतानाबी होतंय. दोन्ही चिठ्ठ्यांवर छापून येतंय." तवा पावणेदोन किलोचा. परत आलेलं पार्सल सहाशे ग्रॅमचं. रोहिणीनं दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाव्याला जोडले आणि खाली एकच ओळ लिहिली. 'लोखंड प्रवासात वाळत नाही.' दोन दिवसांत दावा मंजूर झाला.

तेव्हापासून ती हरेना. गावात मोबाइलवरून साड्या, मसाले विकणारे दोघं-तिघं तिच्याकडं सल्ला मागायला येऊ लागले. आदिनाथ जेवताना म्हणायचा, "वकिलीच करायला पाहिजे होती तू." ती हसायची, पण तिला ते आवडायचं. हळूहळू तिची एक सवय झाली. तक्रार आली की आधी पुरावा गोळा करायचा आणि मग तक्रार वाचायची. घेणारा खोटं बोलतोय हे गृहीतच.

अशात माघ महिन्यात आष्टीहून एक तक्रार आली. 'तवा डुगडुगतो. भाकरी एका अंगानं करपते.' सोबत दोन फोटो, दोन्ही हललेले. एकात तवा कमी आणि कुणाची तरी बोटं जास्त. रोहिणीनं पाठवण्याआधीचे आपले स्वच्छ फोटो काढले, वजनाची चिठ्ठी जोडली आणि लिहिलं, 'माल उत्तम स्थितीत पाठवला होता. वापरताना पाडल्यामुळे बूड वाकले असावे.' कंपनीनं तिचं म्हणणं मान्य केलं. तवा आष्टीलाच राहिला. रोहिणी दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेली.

दोन आठवड्यांनी, दुपारी एकच्या सुमाराला, एक पन्नाशीच्या बाई भट्टीसमोर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. घामानं डबडबलेल्या.

"तव्यावाली रोहिणी पोपळघट हितंच राहती का?"

"मीच. या की, मावशी, बसा."

"बसते मंग. आदी बोलते." त्यांनी पिशवीतून तवा काढला. "मी बायडाबाई. आष्टीची. केजला भैनीच्या नातवाचं बारसं हाय, म्हणलं आलेच हाय तर पुढं जाऊन यावं. पार्सलावर तुमचा पत्ता छापलेला होता."

रोहिणीला सगळं आठवलं. दाव्यांत तिला आजवर क्रमांक भेटले होते, नावं भेटली होती. घामेजलेलं माणूस कधी दारात आलं नव्हतं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बायडाबाईंनी तो बाजूला ठेवला.

"माझी खानावळ हाय. ष्टँडाजवळ. दिसाला दोनशे भाकरी होतात. पोरीनं मोबाइलवर तुमचा तवा मागवला. डुगडुगतो म्हणून परत न्या म्हणलं, तर तुमी लिवलं, मी पाडला. पोरीनं वाचून दाखवलं मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीस वरसं झाली भाकरी थापते. तवा कसा धरावा ते मला कळत न्हाई का? पैशाचं सोडा, बाई. मला खोटी पाडली, ते सांगायला आले."

रोहिणीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. पण तिनं तवा घेतला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर ठेवला. कडेला बोट दाबलं. खट्. दुसऱ्या कडेला दाबलं. खट्.

"पाडला तर कडेला पोचा पडतो," बायडाबाई म्हणाल्या. "पोचा दाव मला."

पोचा कुठंच नव्हता. बूडच एका बाजूला उचललेलं होतं, सगळीकडून गुळगुळीत, घडवतानाच तसं झालेलं. रोहिणीनं तांब्यातलं थोडं पाणी तव्यात ओतलं. पाणी मधे न थांबता चंद्रकोरीसारखं एका कडेला जाऊन साचलं.

एवढ्यात जेवण उरकून मामा मागच्या खोलीतून आले. त्यांना काय झालं हे विचारावं लागलं नाही. त्यांनी तवा उचलला, पाणी झटकलं आणि डोळ्यांनी न पाहता अंगठा बुडावरून फिरवला. एकदा, दोनदा. मग ते ऐरणीशेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसले.

"माझंच हाय हे," ते म्हणाले.

"मामा, एखादा होतो की असा."

"एखादा न्हाई, पोरी." मामांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि तिच्याकडं पाहिलं. "आसं केलं की तू दिसतीस. धुक्यात उभी आसल्यावानी." मग उजवा झाकला. "आसं केलं तर नुसता उजेड दिसतो. दिवाळीपासून हे चाललंय. हातानं चाचपून घडवतोय मी."

दिवाळीपासून रोहिणीनं किती तवे पाठवले आणि किती तक्रारी जिंकल्या याची गणती तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाली होती.

"मंग सांगितलं का न्हाई घरात?" हे बायडाबाईंनी विचारलं. त्या आता बसल्या होत्या आणि पाण्याचा तांब्याही त्यांनी उचलला होता.

"सांगून काय, मोतीबिंदू म्हणत्याल. आप्रेशन म्हणत्याल. मग महिनाभर जाळापुढं बसू देत न्हाईत." मामा रोहिणीकडं न पाहता म्हणाले. "हिच्या मागण्या येत्यात रोज. लई हौसेनं करती ती. म्हणलं, चालतंय तवर चालवावं."

भांडायला म्हणून आणलेलं बरंच काही बायडाबाईंजवळ शिल्लक होतं. पण आता ते कुणाला द्यावं हे त्यांना कळेना, असं रोहिणीला वाटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या दिराचं झालं की मागल्या साली. अर्ध्या घंट्याचं काम. आता त्यो दुसऱ्याच्या ताटातला खडा सांगतो." मग रोहिणीला म्हणाल्या, "चहा ठिवणार हायेस का तू? बारशाला टायम हाय मला."

चहाबरोबर पोहेही झाले. निघताना रोहिणीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. तुमची तक्रार मी नीट वाचलीसुद्धा नव्हती." बायडाबाई म्हणाल्या, "वाचत जा." तवा त्यांनी तिथंच ठेवला आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

त्या संध्याकाळी रोहिणीनं कंपनीला लिहायला घेतलं की आष्टीच्या ग्राहकाची तक्रार खरी होती, माझा दावा रद्द करा. पण तशी सोयच नव्हती. 'दावा फेटाळला, मी असहमत आहे' असा पर्याय होता. 'दावा मंजूर झाला, मी असहमत आहे' असा कुठंच नव्हता. तिनं मदतीच्या चौकटीत सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, 'आपला दावा मंजूर झालेला आहे. अभिनंदन.' तिनं पुन्हा लिहिलं, चूक माझी आहे. पुन्हा अभिनंदन. चौथ्या वेळी तिनं फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलानं तिचं म्हणणं तीनदा विचारून घेतलं. "मॅडम, म्हणजे तुम्ही जिंकलेला दावा तुम्हाला हरायचा आहे?"

"होय."

"असं आजपर्यंत कुणी मागितलं नाही," तो म्हणाला. "वरिष्ठांना विचारावं लागेल."

वरिष्ठांचा होकार यायला सतरा दिवस लागले. त्याआधीच रोहिणीनं दिवाळीपासूनच्या सगळ्या तक्रारी काढून एकेक सावकाश वाचल्या. वीटवाले, पातेलेवाले वेगळे काढले. उरलेल्यांत पाच जणांनी वेगवेगळ्या भाषांत एकच गोष्ट लिहिली होती, की तवा स्थिर बसत नाही. एकानं तर 'डान्स करता है' असं लिहिलं होतं, आणि तेव्हा त्यावर ती हसली होती. त्या पाचांनाही तिनं कळवलं की नवा तवा पाठवते, थोडा वेळ द्या. मग मोबाइलवरचं दुकान 'सुट्टीवर' करून ठेवलं.

आदिनाथनं रजा टाकली आणि मामांना अंबाजोगाईला नेलं. आधी उजवा डोळा झाला, मग दीड महिन्यानं डावा. मधल्या दिवसांत मामा काळा चष्मा लावून ओसरीत बसायचे आणि भट्टीकडं पाठ करायचे, कारण पाहिलं की हात शिवशिवायचे. हनुमान सवयीनं रोज डोकावायचा, पार्सल नाही म्हटल्यावर चहा पिऊन जायचा.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या सकाळी मामांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खोलीतली तव्यांची चवड अंगणात आणली. एकेक तवा उजेडाकडं धरून ते कडेनं डोळा लावून बघत होते. पंधरापैकी नऊ त्यांनी बाजूला फेकले. "ह्ये कुण्या आंधळ्यानं केलेत बे," ते स्वतःशीच म्हणाले आणि मग त्यांनाच हसू आलं. ते नऊ पुन्हा जाळात गेले.

बायडाबाईंचा तवा सगळ्यात आधी घडला. आदिनाथनं तो आष्टीकडं जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिला. दोन दिवसांनी बायडाबाईंच्या मुलीचा संदेश आला. 'आई म्हणते बरा आहे.' त्यावर रोहिणीनं आदिनाथला विचारलं, "नुसतं बरा?" तो म्हणाला, "आष्टीचं बरा म्हणजे आपलं एकच नंबर."

आता दुकान पुन्हा चालू आहे. वाद अजूनही येतात, विटाही येतात, आणि रोहिणी अजूनही गजाला मोबाइल बांधून "नमस्कार, हे पार्सल" सुरू करते. फरक एवढाच की दुपारच्या जेवणानंतर मामा तिच्याजवळ येऊन बसतात आणि तक्रारी स्वतः वाचतात, अक्षर मोठं करून, मोठ्यानं, एकेक शब्द चाखत.

"ह्यानं साबणानं घासून वल्ला ठिवलाय. ह्याला न्हाई म्हण."

"पुढं?"

मामा फोटो जवळ नेतात, लांब धरतात, पुन्हा जवळ नेतात. "दांड्याच्या रिबेटाचा खिळा ढिला हाय. ह्ये आपलं हाय. परत घे." मग मोबाइल तिच्या हातात देऊन, "अन् त्याला लिव, चुकलं म्हणून. मराठीत लिव. त्यो कुठलाबी आसंना, वाचून घील कुणाकडून."