एका सहीमागे इतके पैसे

मित्रांनो, आज सुट्टी होती. इथं शहरात आमच्या कामगारांच्या रूमवर गावचा सुभाषदादा आला. तो इथंच ड्रायव्हर आहे. गावाजवळची दगडखाण बंद करा म्हणून आमच्या गावची कमिटी अर्ज देतेय, त्याच्या सह्या घेत होता. सुरुंगांनी आमच्या घराच्या भिंतींना भेगा पडल्यात आणि आई तिथं एकटी असते. मी लगेच सही केली.

मग त्याने कागद रूममधल्या बिहारी पोरांपुढे धरला.

"दादा, ही आपल्या गावची नाहीत."

"नावं आपल्या गावची टाकतो ना. कमिटी मला सहीमागे पैसे देते. तू गप चहा पी."

मी कागद ओढून घेतला. मला वाचायला वेळ लागतो. वरच्या ओळीत आईचं नाव होतं, पुढे झोकदार सही.

माझी आई अंगठा लावते.

"तिच्याच भल्यासाठी ना रे," दादा म्हणाला आणि कागद घेऊन गेला. परवा तो गावी चाललाय.

चौकशीला साहेब घरी आले तर खऱ्या सह्याही खोट्या ठरतील आणि खाण चालूच राहील. कमिटीला सांगितलं तर मीच अर्ज पाडला म्हणतील. कमिटीने दादाला सहीमागे पैसे न देता दिवसाची मजुरी दिली असती, तर त्याने असं केलं असतं का? तुम्ही काय केलं असतं?