भिंतीत गेलेलं मागचं दार

दोन हजार अकरा साली आम्ही आयर्लंडमध्ये कासलबारजवळच्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं. घरांचे भाव तेव्हा धाडकन कोसळले होते आणि माझ्या नवऱ्याला, आम्ही राहायचो त्या स्वोर्ड्स शहरातल्या ऑफिसात बसल्या बसल्या, म्हातारपणाची स्वप्नं पडू लागली होती. छपराला भोक, भिंतींना ओल, हात लावला की पोपडे खाली! "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. म्हातारपणी मला पुण्याचा फ्लॅट हवा होता, जिथे शेजारीण विरजण मागायला येते आणि तासभर बसते. मी बोलघेवडी बाई, माणसं नसली तर वेडच लागेल मला. शेवटी मी अट घातली: वर्षभर दर शनिवार-रविवार इथे येऊन बघू. माणसं जोडली गेली तर राहू, नाहीतर घर विकायचं.

सुरुवात झकास झाली. छपराचं काम चालू असताना शेजारची सत्तरीची बाई मागच्या दारातून सरळ स्वयंपाकघरात यायची. कधी ब्रेड, कधी अंडी. मजुरांनाही दमात घ्यायची. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं डोकावायची. नवरा माझ्याकडे बघून मिशीत हसायचा.

मग मी शहाणपणा केला. ते मागचं दार पुढच्या दाराच्या अगदी समोर होतं. माझी आई दिवेलागणीला आधी मागचं दार लावायची, मगच देवापाशी दिवा. नाहीतर म्हणे समोरून आलेली लक्ष्मी मागून निघून जाते. इथे तर लक्ष्मीला आरपार रस्ताच होता! मी गवंड्याला सांगून दार बुजवलं आणि त्या जागी देवघर केलं. पुढचं दार लाल रंगवलं, वर तोरण, बाहेर रांगोळी. नवरा म्हणाला, "ग्रँड!"

आणि लोक यायचे बंद झाले.

एक महिना गेला, दुसरा गेला. मी दर शनिवारी चिवडा करून वाट बघायची आणि रविवारी तोच डबा परत न्यायची. हिंगाची फोडणी भोवली की काय? का माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं? रस्त्यात सगळे हात करायचे, हसायचे, पण दाराशी कुणी येईना. एका रविवारी मी चिडून म्हटलं, "बस झालं. विकून टाक हे घर." त्याचा चेहरा इतका उतरला की मला पुढे ओरडवेना.

त्याच दुपारी गावातल्या दुकानात ती शेजारीण भेटली. माझा राग होताच नाकावर. "का हो, येत नाही तुम्ही हल्ली?"

"अगं, येऊ कुठून?" ती म्हणाली. "तू दारच बुजवलंस. आम्ही समजलो, तुला आमची कटकट झाली."

"पण पुढे एवढं लाल दार आहे ना!"

ती हसली. "त्या दाराने शेजारी येत नाहीत गं. त्यातून पाद्री आत येतो आणि शवपेटी बाहेर जाते."

मी खाऊ की गिळू अशी गेलेली बाई, तिथे दुकानातच खो खो हसत सुटले. आणि डोळ्यांतून पाणी! आमच्यावर कुणी रागावलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी गवंडी पुन्हा आला. देव कोपऱ्यातल्या कपाटात गेले, भिंत फुटली, दार बसलं. रविवारी सकाळी मी जुनाट गाऊनमध्ये, केसांना तेल चोपडून चहा गाळत होते, तेवढ्यात दार ढकलून शेजारीण आत आली. ना टकटक, ना परवानगी. तिने स्वतःच कप शोधला आणि सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. पुण्यात तरी वेगळं काय झालं असतं?

ती गेल्यावर नवऱ्याने हळूच विचारलं, "मग? विकायचं?"

"काही नको. आणि ते पुढचं दार ओलीने फुगून बसलंय ना, राहू दे तसंच. आपल्याला त्यातून एकदाच तर जायचंय."

"दोनदा," तो म्हणाला. "एकदा तू, एकदा मी."

पुढच्या शनिवारी त्याने रंधा आणून ते दार नीट करून ठेवलं.